पदरची माणसं

सुलभाबाईंनी विनयरावांवर डूख धरला तो धपाट्यांच्या डब्यावरून.

विनयराव म्हणजे सुलभाबाईंच्या मुलाचे, सुमंतचे मालक. अमेरिकेतल्या हर्नडनमध्ये त्यांची सॉफ्टवेअरची कंपनी होती. तिथल्या मराठी माणसांचा गणपती त्यांच्याच बेसमेंटमध्ये बसायचा, दिवाळीचा फराळ त्यांच्याच घरून वाटला जायचा, आणि शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी पोरांना पहिली नोकरी त्यांनीच दिलेली. त्यामुळे त्यांच्याविषयी बोलताना लोक आवाज खाली घ्यायचे, देवळात शिरल्यावर घेतात तसा. त्यांचं आजोळ बार्शीचं, आणि सुलभाबाईंचं उभं आयुष्य बार्शीत गेलेलं. तेवढ्या धाग्यावर ते त्यांना मावशी म्हणत. भेटले की, "मावशी, एकदा बार्शीचे धपाटे होऊन जाऊ द्या," हे ठरलेलं.

सुलभाबाईंची थोरली लेक न्यू जर्सीत सिटिझन झालेली. तिच्या आधाराने त्यांना या देशात राहता येत होतं. पण जीव नातवात अडकलेला, म्हणून मुक्काम हर्नडनला, सुमंत आणि ज्ञानदाच्या घरी.

नातू यश, पाच वर्षांचा. डॉक्टरांनी त्याला ऑटिझम सांगितला होता. कानांना सगळं ऐकू यायचं, पण तोंडातून शब्द निघत नसे. तहान लागली की रडायचा, आणि कशासाठी रडतोय ते घरच्यांना कळलं नाही की स्वतःचं मनगट चावायचा. मग एक थेरपीची बाई घरी येऊ लागली. ती त्याच्याबरोबर जमिनीवर बसायची, त्याला चित्रांची कार्डं दाखवायची, एकच गोष्ट पुन्हापुन्हा करून घ्यायची. सुलभाबाईंना आधी वाटलं, हा खेळ कसला. पण एका दुपारी यश आला आणि पाण्याच्या पेल्याचं चित्र त्याने आजीच्या मांडीवर ठेवलं. सहीसाठी पोस्टमन थांबतो तसा समोर उभा राहिला. सुलभाबाईंनी पेला भरून दिला. तो प्यायला. जन्मल्यापासून त्याने कुणाकडे काही मागितलं ते हे पहिलं.

पण इन्शुरन्स या थेरपीला एक पैसा देत नव्हता. सुमंतने आपल्या खिशातून जमेल तितके दिवस ओढलं, आणि मग बाईचं येणं थांबलं. हळूहळू कार्डं सोफ्याखाली गेली. मनगट पुन्हा दाताखाली आलं.

"का देत नाहीत?" एकदा भेंडी चिरताना सुलभाबाईंनी सुनेला विचारलं.

ज्ञानदाने सुरी खाली ठेवली. "आई, इथे कायदा आहे. ऑटिझमच्या थेरपीचे पैसे इन्शुरन्सने द्यायचे. पण कंपनी मोठी असेल तर. मोठी म्हणजे पन्नासच्या वर माणसं असलेली. लहान कंपनीच्या प्लॅनला तो कायदा लागत नाही."

"मग विनयरावांची लहान आहे?"

"कागदावर. एक कंपनी विनयच्या नावाने, दुसरी मोनाच्या नावाने. ऑफिस एक, दार एक, कॉफीचं मशीनसुद्धा एक. पहिलीत माणसं पन्नासला टेकायला आली की नवा माणूस दुसरीत घालतात. दोन्ही कायमच्या लहान."

मोना म्हणजे विनयरावांची बायको. तिने ऑफिस आतून पाहिलं असेल तर ते सत्यनारायणाच्या दिवशी.

"म्हणजे जेवायला एक पंगत आणि मोजायला दोन," सुलभाबाई म्हणाल्या. "सुमंत बोलत का नाही?"

सुमंत पलीकडेच लॅपटॉप घेऊन बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आई, माझं ग्रीन कार्ड त्याच्या सहीवर अडकलंय. मी कम्प्लेंट केली तर उद्या आपण सगळे विमानात. यशसकट."

पण मागण्यात सुलभाबाईंना लाज नव्हती. स्वतःसाठी मागितलं तर लाज, पोरासाठी मागितलं तर कसली? त्यांनी धपाटे थापले, शेंगादाण्याची चटणी कुटली, दही लावलं, आणि ज्ञानदाला म्हणाल्या, मला त्यांच्या ऑफिसात सोड.

विनयरावांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि डबा उघडला. पहिला घास खाऊन डोळे मिटले. "वा, मावशी. आजीच्या हातची चव."

दुसऱ्या धपाट्याला सुलभाबाईंनी विषय काढला. "विनयराव, आमच्या यशसाठी काही होतंय का बघा. तुम्ही मनावर घेतलंत तर होईल."

विनयराव बोट चाटत हसले. "अहो, कायदा मी थोडाच केलाय? आमची छोटीशी कंपनी. पन्नासच्या आत. ही ऑटिझमची भानगड मोठ्यांना. मी मुद्दाम आत ठेवलीय. वाढायला काय, कुणीही वाढतो, मावशी. आत राहायला अक्कल लागते."

"कंपनीच्या सहलीला तर केवढी माणसं होती. सगळ्यांच्या अंगात एकच निळा टी-शर्ट."

"टी-शर्ट एक असला म्हणून कंपनी एक होत नाही."

"पोर लहान आहे हो. आत्ताच शिकेल ते शिकेल, असं डॉक्टर म्हणतात. पाणी मागायला लागला होता. तेही गेलं."

विनयरावांनी तिसरा धपाटा उचलला, चटणीत बुडवला. "एक सांगू? राग मानू नका. अशी मुलं आपल्याकडेच बरी. मोकळी हवा, माणसांचा राबता. तुम्ही त्याला बार्शीला घेऊन जा. तुम्हाला सोबत होईल, आणि सुमंतचं डोकंही कामात राहील. हल्ली मीटिंगमध्ये लक्ष नसतं त्याचं."

डबा संपवून त्यांनी तो पेपर नॅपकिनने पुसला आणि झाकण लावून सुलभाबाईंच्या हातात दिला. रिकामा. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, एवढं बार्शीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्याचं आजोळ बार्शीचं, त्याला नसेल कसं?

गाडीत बसल्यावर ज्ञानदाने विचारलं, "काय म्हणाले?"

"धपाटे चांगले झालेत म्हणाले," सुलभाबाई म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत तो डबा मांडीवर उताणा धरून बसल्या.

दुखावलेलं माणूस भांडतं. डूख धरलेलं माणूस गोड बोलतं. पुढचे कित्येक महिने सुलभाबाई विनयरावांशी अशा गोड वागल्या की सुमंतलासुद्धा वाटलं, आई विसरली. त्या आरतीला गेल्या, मोनाला मोदकांची उकड काढायला शिकवली, विनयरावांच्या विनोदांना हसल्या. आणि यशने मनगट चावलं की त्याला हळद लावताना मनातल्या मनात विनयरावांना म्हणायच्या, हा एक. हा अजून एक.

एके दिवशी मोनाचा फोन आला.

"मावशी, आमच्या अनिकाचं लग्न ठरतंय. मुलगा देव म्हणून आहे, दोघं कॉलेजपासून एकमेकांना ओळखतात. त्याचे आईवडील फ्रिस्कोहून येतायत. त्यांना सगळं आपल्या पद्धतीने हवंय. बैठक, सुपारी, सगळं. मला यार काही येत नाही. इथे कुणालाच येत नाही. तुम्ही यायचं आणि तुम्ही सांगाल तसं करायचं."

सुलभाबाईंचे सासरे बार्शीत लग्नं ठरवून देणारे. त्यांच्यावाचून पंचक्रोशीत सुपारी फुटत नसे. दाराआड उभं राहून चहाचे कप आत देता देता सुलभाबाईंनी हजार बैठका ऐकलेल्या. कोण कुठे नमतं, कोण कुठे फुगतं, सगळं पाठ. पण विनयरावांच्या घरची सुपारी आपल्या हाताने फोडायची? "गुडघे धरलेत," म्हणून त्या फोन ठेवणार होत्या.

तेवढ्यात मोना म्हणाली, "मुलाचे वडील, चंद्रशेखरजी, साधे आहेत. पण अनिकाच्या सासूबाई जरा कडक. सुलेखा नाव. कंपन्यांना हेल्थ इन्शुरन्सचे प्लॅन लावून देते ती. दिवसभर तेच. कुठली कंपनी लहान, कुठली मोठी, कुणाला कुठला कायदा. डिनरला बसलो तरी तेच. इतकं बोअर."

सुलभाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "किती वाजता येऊ?"

त्या संध्याकाळी त्यांनी ज्ञानदाला समोर बसवलं. "मला ते लहान-मोठं पुन्हा सांग. नवराबायकोच्या दोन कंपन्या असल्या तर कायदा काय म्हणतो?"

"मी वाचलंय त्याप्रमाणे, खरा मालक एकच असेल तर बहुतेक वेळा एकच धरतात. पण ते सिद्ध कोण करणार? विनय स्वतःच्या तोंडाने थोडाच सांगणार आहे?" ज्ञानदाने सासूकडे निरखून पाहिलं. "आई, तिथे काही बोलू नका हं. प्लीज. सुमंतची नोकरी जाईल."

"मी कशाला बोलू? मुलीचा बाप बोलेल."

बैठकीच्या आधी दोन दिवस त्यांनी मोनाला फोन केला. "फ्रिस्कोकडचे लोक मोठे असतात म्हणे. मुलीच्या बापाने दबून राहायचं नाही, एवढं विनयरावांना सांग. पहिल्या दिवशी दबला तो जन्मभर दबला."

"ते कुठले दबतायत," मोना म्हणाली. पण सांगितलं तिने. सांगितलं हे बैठकीच्या दिवशी विनयरावांच्या रेशमी कुडत्यावरूनच दिसलं.

शनिवारची सकाळ होती. मोठ्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि जवळच्या डलस विमानतळावर उतरणारं एखादं विमान छपरावरून गेलं की झुंबर किणकिणायचं. एका सोफ्यावर चंद्रशेखर आणि सुलेखा, समोर विनयराव आणि मोना, खाली उशीवर अनिका आणि देव एकमेकांना टेकून. मध्ये चौरंग, चौरंगावर तांदूळ, विडे, नारळ आणि सुपारी. सुलभाबाईंनी कमरेच्या पिशवीतून सासऱ्यांचा पितळी अडकित्ता काढून शेजारी ठेवला.

सुलेखा पन्नाशीची, आखूड केसांची, नीटस बाई. अडकित्ता पाहून तिचे डोळे भरून आले. "माझ्या आत्याकडे असा होता. मावशी, सगळं अगदी पद्धतशीर करा. काही सोडू नका. या मुलांना कळू दे."

"काही सोडत नाही," सुलभाबाई म्हणाल्या.

कुंकू झालं, कुळ-गोत्र झालं, देण्याघेण्याचं काही नाही हे दोन्हीकडून तीनदा सांगून झालं. मग सुलभाबाईंनी सुपारी उचलली, अडकित्त्याच्या तोंडात धरली आणि थांबल्या.

"आता पदर सांगायचा."

"म्हणजे?" विनयरावांनी विचारलं.

"सुपारी फुटायच्या आधी दोन्ही घरच्या कर्त्यांनी नारळावर हात ठेवून सांगायचं, आपल्या पदरी किती माणसं जगतात. आपल्या हातून किती जणांच्या घरी चूल पेटते. त्यातलं पुण्य पोरांच्या संसाराला लागतं. जास्त सांगितलं तरी नारळ खराब निघतो, कमी सांगितलं तरी निघतो. तोच नारळ मुलीच्या ओटीत जातो, म्हणून खरं सांगायचं."

"वेट, दॅट्स सो कूल," देव म्हणाला आणि फोन काढून चित्रण करू लागला. अनिकाने बापाकडे पाहिलं. "बाबा, यू हॅव टु डू इट राइट, ओके?"

"आमच्याकडे नव्हतं बाई हे," मोना पुटपुटली.

"तुमच्याकडे सुपारीही नव्हती, मोना," सुलभाबाई प्रेमाने म्हणाल्या.

आधी मुलाचा बाप. चंद्रशेखरने नारळावर हात ठेवला. "मी आयुष्यभर नोकरी केली. माझ्या पदरी एक कुत्रा. आणि तोही सुलेखाचंच ऐकतो."

सगळे हसले. विनयराव सगळ्यात मोठ्याने हसले. समोरचा एका कुत्र्यावर आटपला म्हटल्यावर त्यांची छाती आपोआप वर आली. त्यांनी बाही सरसावली, पंजा नारळावर ठेवला. मग लेकीकडे पाहिलं. ती खरंच श्वास धरून बसली होती. विनयराव कुणाला काहीही सांगत असतील, पण लेकीच्या ओटीतल्या नारळाशी खोटं बोलण्याची त्यांची छाती नव्हती. आणि त्या दिवशी खोटं बोलायची गरजही नव्हती. खरं तेच मोठं होतं.

"चौऱ्याऐंशी," ते म्हणाले. "चौऱ्याऐंशी घरं चालतात माझ्यावर. एकूण एक माणूस मी निवडलेला."

"दोन्ही दारची धरून?" सुलभाबाईंनी सहज विचारलं, तांदळाचा एक दाणा चौरंगावरून उचलत.

"दार एकच आहे, मावशी. पाट्या दोन असतील. मालक एकच."

लग्नाच्या बैठकीत माणूस मोठं बोलतो हे सुलभाबाई हजारदा ऐकून होत्या. कुणी स्वतःच्या पाच एकरांचे पंधरा करतो, कुणी कारकुनाचा साहेब होतो. बैठकीत खरं बोलून फसलेला बाप त्यांनी हा पहिलाच पाहिला.

सुलेखाचा चहाचा कप ओठापाशी थांबला होता. "एटी-फोर? वा. मोनाने मला सांगितलं होतं छोटा बिझनेस आहे. मग तुमचा प्लॅन लार्ज ग्रुप असेल. कोण बघतं तुमचं?"

"आं? ते... बघतो एक जण." विनयरावांचा हात अजून नारळावरच होता. त्यांनी तो काढून घेतला. "टेक्निकली दोन एन्टिटीज आहेत ना, त्यामुळे स्मॉल ग्रुपच."

"दोन कशा? आत्ता म्हणालात मालक एकच."

मोनाला वाटलं नवरा अडखळतोय, आपण सावरावं. ती हसत म्हणाली, "अहो, अर्धी माणसं माझ्या नावावर आहेत. मी मालकीण. मला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही, ती गोष्ट वेगळी."

सुलेखाने कप खाली ठेवला. अगदी हळू, बशीचा आवाज होऊ न देता.

"विनयजी, हे तुम्ही इन्शुरन्सला काय म्हणून सांगता?"

"सुलेखा, इथे पण ऑफिस?" चंद्रशेखर म्हणाला.

"ऑफिस नाही. मी मुलगा देतेय इथे." ती विनयरावांकडेच पाहत होती. "नवराबायको, एक जागा, एकच माणूस सगळं चालवतो. ही एक कंपनी आहे. हे लपवलं आणि उद्या कुणी काढलं, तर माझ्या व्याह्यांचं नाव माझ्याच फील्डमध्ये निघेल. लोक मला विचारतील, तुला माहीत नव्हतं? आणि आता मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही." तिने देवच्या फोनकडे बोट केलं. "बंद कर तो आधी."

देवने फोन खाली घेतला. अनिका एकदा बापाकडे, एकदा होणाऱ्या सासूकडे बघत होती. "बाबा, व्हॉट इज शी सेइंग? लोकांना काय मिळत नाही त्याच्यामुळे?"

सुलेखाने उत्तर दिलं. "बरंच काही. उदाहरणार्थ, कुणाच्या मुलाला ऑटिझम असेल तर थेरपी."

विनयरावांनी मान वळवून सुलभाबाईंकडे पाहिलं. सुलभाबाई सुपारी अडकित्त्यात धरून बसल्या होत्या, चेहरा अगदी कोरा. म्हातारीला यातलं काय कळतंय, असं कुणालाही वाटलं असतं. एका माणसाला तसं वाटलं नाही.

"म्हणजे काय ते ठरवा, विनयराव," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "लहान असाल तर नारळावरचा शब्द फिरवून लहान सांगा. मला काय, मी दुसरा नारळ मांडते. नाहीतर मोठे असाल तर मोठे राहा. पोरं ताटकळलीत."

लहान म्हणावं तर व्याह्यांपुढे, लेकीपुढे, नारळावर हात ठेवून केलेली बढाई खोटी. मोठं म्हणावं तर इतकी वर्षं राखलेलं कुंपण मोडणार. अनिकाने देवच्या हातातला हात काढून घेतला होता आणि ती बापाच्या तोंडाकडे बघत होती. बार्शीत एकदा एका बापाला तिजोरीच्या किल्ल्या काढून चौरंगावर ठेवाव्या लागल्या होत्या, त्याचा चेहरा असाच झाला होता.

"बदलतोच आहे मी," शेवटी ते म्हणाले. "पुढच्या रिन्यूअलला. दोन्ही एक करतोय."

"रिन्यूअल कधी?" सुलेखा.

"जानेवारी."

"छान. माझ्या ओळखीचा एक चांगला माणूस आहे इथला, तो सगळं करून देईल. मी स्वतः लक्ष ठेवीन. आता आपण घरचेच ना."

"घरचेच," विनयराव म्हणाले.

"मग फोडू?" सुलभाबाईंनी विचारलं.

विनयरावांनी मान हलवली. "नुसती मान नाही चालत," सुलभाबाई म्हणाल्या. "मुलीच्या बापाने तोंडाने म्हणायचं असतं."

"फोडा, मावशी."

अडकित्ता दाबला. सुपारीची दोन शकलं झाली. एक त्यांनी सुलेखाच्या हातावर ठेवलं, एक विनयरावांच्या.

जेवणं झाली. सुलभाबाई स्वयंपाकघरात अडकित्ता फडक्याने पुसत असताना विनयराव आले आणि दार पुढे ओढलं.

"मावशी, मी आत्ता बार्शीला मामांना झोपेतून उठवून विचारलं. पदर सांगायची पद्धत त्यांनी कधी ऐकली नाही."

"कशी ऐकतील? परवाच सुरू झाली."

विनयराव दात आवळून म्हणाले, "माझ्या घरी, माझ्या मुलीच्या सुपारीला. लाज वाटली नाही?"

"वाटली. अनिकाची वाटली. पोर गुणी आहे, तिचं काही वाकडं होणार नव्हतं म्हणून केलं. तुमची म्हणाल तर, डबा रिकामा परत केलात तेव्हाच संपली."

"कुठला डबा?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. सुलभाबाईंना ते पाहून उलट बरंच वाटलं. आठवत असतं तर कदाचित त्या विरघळल्या असत्या.

"सुमंत अजून माझ्याकडेच आहे, हे विसरू नका," विनयराव म्हणाले.

"कशी विसरेन? चौऱ्याऐंशीतला एक आहे. त्र्याऐंशी झाले तर सुलेखाताई विचारतील, एक कुठे गेला. त्यांनी माझा नंबर घेतलाय. आत्याच्या आठवणी काढायला दर संकष्टीला फोन करणार आहेत." त्यांनी अडकित्ता पिशवीत घातला. "त्याच्या ग्रीन कार्डाचंही विचारतील. मी सांगत जाईन, विनयरावांनी अगदी वेळेवर सही केली म्हणून."

विनयराव दार उघडून निघून गेले. बाहेर अनिकाने विचारलं, "बाबा, आर यू ओके?" आणि ते म्हणाले, "आनंदाने डोळे भरले गं."

सुमंत घरी हे ऐकून खुर्चीत बसला तो उठेना. "आई, तू काय केलंस? तो मला सोडणार नाही." ज्ञानदा मात्र हसायला लागली, आणि हसता हसता ओट्याला धरून रडायला लागली. सोमवारी सुमंत मान खाली घालून ऑफिसला गेला. विनयरावांनी त्याला बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, "आईंची तब्येत बरी आहे ना?" एवढंच. दर आठवड्याला विचारू लागले.

जानेवारीत दारावरच्या दोन पाट्या उतरून एक लागली. सुलेखाच्या माणसाने सगळे कागद तपासले. त्याच्यापुढे विनयराव शाळेतल्या मुलासारखे बसत, असं सुमंत सांगायचा. मोनाच्या कंपनीतला एक नागपूरचा मुलगा पॅन्ट्रीत सुमंतच्या गळ्यात पडला. त्याच्या मुलीचंही यशसारखंच होतं, आणि त्याने ते ऑफिसात कुणाला सांगितलंच नव्हतं.

थेरपीची बाई परत आली. पण सोडलं होतं तिथून सुरू झालं नाही. यशने तिला ओळखलं नाही, कार्डं भिरकावली, पाण्याचं चित्र फाडलं. बाई म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. मधले ते महिने कुठला कायदा परत देणार होता? सुलभाबाईंना वाटलं होतं, विनयरावांचं नाक खाली झालं की आपलं मन हलकं होईल. झालंही थोडंसं. पण यशच्या मनगटावर हळद लावताना, हा एक, असं मोजायची सवय काही गेली नाही.

होळीच्या सुमारास यश एकदा त्यांच्याजवळ आला आणि मांडीवर नवं कार्ड ठेवून उभा राहिला. पाणी. सुलभाबाई लगेच उठल्या नाहीत. त्याच्याकडे बघत राहिल्या. तो थांबला. मनगट तोंडाकडे गेलं नाही. त्याने कार्ड उचललं आणि पुन्हा ठेवलं, जरा दाबून, म्हातारीला दिसलं नसेल असं वाटून. मग त्या उठल्या आणि पेला काठोकाठ भरून दिला.

त्याच आठवड्यात मोनाकडून डबा आला. अनिकाच्या लग्नाचे लाडू, आणि त्यावर वेगळ्या पुडीत चिमूटभर साखर. ती कुणी घालायला सांगितली ते मोनाने लिहिलं नव्हतं. सुलभाबाईंनी लाडू सगळ्यांना वाटले. साखर यशच्या दुधात घातली. डबा घासून फडताळात ठेवून दिला. परत करायची त्यांना घाई नव्हती.

पदर सांगायची पद्धत मात्र हर्नडनमध्ये चांगलीच रुजली. देवने ते चित्रण, विनयरावांनी नारळावर आकडा सांगितला तिथपर्यंतचं, सगळ्यांना पाठवलं होतं. मुलामुलींना ते फार आवडलं. आता कुणाचं लग्न ठरलं की सुलभाबाईंना बोलावणं येतं आणि आधीच सांगून ठेवतात, मावशी, ते नारळाचं विसरू नका हं.

परवाच एक फोन आला. मुलीचा बाप कंपनीवाला. गोड माणूस, सगळ्यांना सांगतो, आपली छोटीशी फर्म, पन्नासच्या आत.

"येते की," सुलभाबाई म्हणाल्या. "मुलाकडचे काय करतात?"

फोन ठेवून त्यांनी ज्ञानदाला हाक मारली. "इंडियन ग्रोसरीत जाशील तेव्हा चांगला नारळ बघ गं. शेंडीचा. आणि दोन आण."